गाडीतलं वारं

मंगळवारी दुपारी दीड वाजता, मे महिन्याच्या उन्हात, जळकोटला हायवेच्या कडेला तीनशे माणसं एका पांढऱ्या मोटारीकडे टक लावून उभी होती. मोटार बंद होती. काचा वर, दारं कुलूपबंद. चावी पितळेच्या ताटात हळदीकुंकवात बुडालेली, आणि चावीच्या शेजारी मोटारमालकाचा फोनसुद्धा सगळ्यांच्या देखत ठेवलेला, म्हणजे कुणी शंका काढायला नको. मोटारीच्या मागच्या सीटवर उमरग्याचे खाजामियाँ घामाघूम होऊन बसले होते. साखरेच्या आजाराने त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. त्यांची बायको शरिफाबी बाहेर उन्हात उभी राहून काचेतून त्यांच्याकडे बघत होती.

ताट धरून उभे होते रुद्रेश महाराज. कपाळावर तीन बोटं भस्म, अंगावर भगवी शाल आणि पायात नवेकोरे बूट.

"ऐका हो, ऐका. आई आजवर कुठल्याच गाडीत का आली नाही? पेट्रोलचा वास. डिझेलचा धूर. आईला ते खपत नाही. म्हणून आई आजवर पायी फिरली. ही गाडी बघा. हिच्या पोटात तेल नाही, ठिणगी नाही, धूर नाही. ही सोवळ्यातली गाडी. आणि एसी एसी म्हणता, त्याचा अर्थ माहीत आहे का कुणाला? ए म्हणजे आई आणि सी म्हणजे शीतला. कंपनीवाल्यांनाही कळलं नाही, आईनं त्यांच्या हातून लिहून घेतलं."

कुणी हसलं नाही. सगळ्यांचे कान गाडीकडे होते. थोड्या वेळाने गाडीच्या पोटातून बारीक घूं असा आवाज सुरू झाला. महाराजांनी डोळे मिटले, शंभरपर्यंत जप केला, मग सावकाश चावी उचलून दार उघडलं. आतला गारेगार झोत पहिल्या रांगेच्या तोंडावर आला.

"वारं आलं," बायका म्हणाल्या आणि तापलेल्या मातीवर गुडघे टेकले. खाजामियाँ घाम पुसत उतरले. गाडीखाली थेंब थेंब पाणी ठिबकू लागलं होतं. त्याला महाराजांनी तीर्थ असं नाव दिलं होतं, आणि ते धरायला बायकांनी घरून वाट्या आणल्या होत्या.

या मुलखात वारं दोन प्रकारचं असतं. एक खिडकीतून येतं आणि एक अंगात येतं. तुळजापूरच्या वाटेवरच्या गावांत 'अमक्या बाईला वारं आलं' असं कुणी म्हटलं, तर कुणी पंखा बंद करायला उठत नाही. सगळे हात जोडतात. पुढे जे रामायण घडलं ते या एका शब्दाने घडवलं, आणि तो शब्द पहिल्यांदा निघाला तो कस्तुराबाईंच्या तोंडून.

कस्तुराबाई पहिल्या रांगेत नऊ वर्षांच्या नातीचा, आरोहीचा, हात धरून उभ्या होत्या. गाडी त्यांच्याच मुलाची, गावात दुकान चालवणाऱ्या कुलदीपची. बासष्ट वर्षांची ही बाई वीस वर्षं शाळेत पोरांची खिचडी शिजवत होती. पातेल्याला बाहेरून हात लावून आतला तांदूळ कच्चा आहे की पक्का, हे सांगायची. कोणी मीठ कमी घातलं, कोणी तेल पळवलं, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. अशी बाई फसली कशी, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. उत्तर सोपं आहे. फसवणारा परका असता तर ती फसली नसती.

सुरुवात चैत्रात झाली. कुलदीपने विजेवरची घरगुती गाडी घेतली, सगळं कुटुंब मावेल अशी, आणि आईला दात दाखवायला उमरग्याला नेलं. दवाखान्यातून निघाल्यावर तो औषधाच्या दुकानात गेला आणि आईच्या हातात चावी देऊन म्हणाला, तू बस जाऊन. गाडी दोन तास उन्हात तापत उभी होती. आत भट्टी असणार म्हणून कस्तुराबाईंनी पदराने दाराची मूठ धरली आणि दार उघडलं, तर आत माघातली पहाट. त्या चक्रावल्या.

"कुलदीप, हे कसं रं? कुणीच न्हाय आत, अन् वारं कसं यायलंय?"

"तुझ्या पुण्याईनं," कुलदीप हसून म्हणाला.

खरी गोष्ट अशी होती की त्याने औषधाच्या दुकानात उभं राहून फोनवर बोट ठेवलं होतं. आईला उन्हाचा त्रास होतो म्हणून गाडी आधीच गार करून ठेवली होती. त्यात माया होती, हे मान्य केलं पाहिजे. पण आईला दोन वाक्यांत खरं सांगण्याऐवजी त्याने गंमत केली, आणि ती गंमत आईने खरी मानली.

दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत कस्तुराबाई सहज बोलून गेल्या, "आमच्या गाडीत आपसूक वारं यायलंय गं." गिरणी बंद झाल्यासारखी शांतता पसरली. कुणीतरी विचारलं, "कंच्या वारी?" वार नेमका मंगळवार निघाला. संध्याकाळपर्यंत पाच बायका नारळ घेऊन दारात उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी कुलदीपने खिशातून फोन काढून दाखवला असता, तर पाच नारळांची चटणी होऊन विषय संपला असता. पण कुलदीपला येत्या पंचायत समितीला उभं राहायचं होतं. वर्षभर तो लोकांच्या दारात जात होता, आणि आज लोक त्याच्या दारात आले होते. तो गप्प राहिला. आठ दिवसांत रुद्रेश महाराज वास काढत आले. आधी ते तळहातावर नारळ ठेवून बोअरचं पाणी दाखवायचे. उमरग्याकडे लागोपाठ बोअर कोरडे गेल्यापासून त्यांना नव्या धंद्याची गरज होती.

कॉलेजात जाणाऱ्या दोघा-तिघांनी कुरबुर केली, की अहो, असल्या गाड्यांना फोनवरून एसी लावता येतो. कुलदीपने चारचौघांत गळ्याला हात लावला. "ती सोय महागातल्या गाडीला असती. आपलं मॉडेल साधं हाय. आईची शपथ." कोणत्या आईची, ते त्याने सांगितलं नाही. पोरं गप्प बसली. कस्तुराबाईंचा तर प्रश्नच मिटला. कुलदीप लहानपणापासून त्यांची खोटी शपथ घ्यायचा नाही.

आरोही ही कुलदीपच्या बहिणीची, अर्पिताची मुलगी. अर्पिता उमरग्याला एका दवाखान्यात नर्स होती, आणि सुट्टीत पोरीला आजीकडे ठेवायची. आरोहीला फिट यायच्या. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यापासून दोन वर्षांत फक्त एकदा, मागच्या दिवाळीत, प्रवासात गोळी राहिली तेव्हा आली होती. सुट्टीला सोडताना अर्पिताने आईच्या हातात गोळ्यांची डबी दिली आणि बजावलं, "आई, सकाळ-संध्याकाळ. एकबी चुकवायची न्हाय. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर म्या हिला सोडत नसते."

महाराजांनी पोरीला पाहिलं आणि मान हलवली. "वारं आणि गोळी एका अंगात नांदत नाहीत, कस्तुराबाई. गोळी बंद करा. दर मंगळवारी लेकराला गाडीत बसवा. आणि घरात कुणाला सांगू नका, सांगितलं की गुण जातो."

कस्तुराबाईंनी दोन रात्री विचार केला. देवी काही कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या घरी नाही, आपल्या दारात आली, आपल्या लेकाच्या गाडीत बसली. मग आपल्याच नातीला गुण येणार नाही तर कुणाला येणार? त्यांनी रोज दोन गोळ्या चुलीत टाकायला सुरुवात केली. आणि आरोहीला जवळ घेऊन सांगितलं, "आईचा फोन आला, तर गोळी घेतली म्हणायचं. बरं?" आरोही शहाणी होती. ती रोज फोनवर "घेतली" म्हणायची.

सतरा दिवस काही झालं नाही. कस्तुराबाईंची खात्री पटली.

मग महाराजांना जळकोट अपुरं वाटू लागलं. येडशीजवळच्या रामलिंगाला सोमवारी मोठी गर्दी असते, तिथे आईचं दर्शन घडवू, असं त्यांनी ठरवलं. कुलदीप म्हणाला, "मला दुकानात काम हाय, तुमी जा." गाडी बलभीमने चालवली. बलभीम कुलदीपचा पगारी ड्रायव्हर, शब्दाला शब्द न वाढवणारा माणूस. महाराज पुढे बसले, कस्तुराबाई आणि आरोही मागे.

रामलिंगचं देऊळ दरीत आहे. वरून उतरून गेलं की चारी बाजूंनी डोंगर आणि झाडी. दुपारी एक वाजता वाहनतळावर उघड्या उन्हात गाडी उभी केली. महाराजांनी ताट मांडलं, पेट्रोलपासून शीतलेपर्यंत सगळं म्हणून दाखवलं, दीडेकशे माणसं गोळा केली. मग आरोहीला मागच्या सीटवर बसवून दारं लावली आणि चावीने कुलूप केलं.

"वारं येईपर्यंत हलू नगंस," आजीने तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

पाच मिनिटं गेली. घूं असा आवाज काही आला नाही. बलभीमने दोनदा फोन खिशातून काढला, कपाळाला आठ्या घालून परत ठेवला. महाराजांनी जप वाढवला. सात मिनिटं झाली. एक म्हातारा म्हणाला, "काय वं महाराज, येईना की."

"इथं साक्षात महादेव बसलेत," महाराज गडबडले नाहीत. "नवऱ्यासमोर आई एकदम बोलत नाही. पदर घेऊन बसलीय. येईल, येईल."

काचेपलीकडे आरोहीचा चेहरा लालबुंद झाला होता. केस कपाळाला चिकटले होते. पण पोरगी हलत नव्हती, कारण तिला हलू नकोस म्हटलं होतं. कस्तुराबाई काचेजवळ सरकल्या. त्यांना आरोहीच्या ओठाची डावी कड ओढली जाताना दिसली. मग डावा हात उडाला, मान फिरली, आणि सगळं अंग झटके देऊ लागलं.

"आलं," गर्दीतून आवाज उठला. "पोरीच्या अंगात वारं आलं." बायका काचेवर कुंकू फासू लागल्या. कुणी आरोहीच्या नावाने नारळ फोडला. तडफडणाऱ्या लेकरासमोर दीडशे माणसं हात जोडून उभी होती.

कस्तुराबाईंनी ही ओठाची कड दिवाळीत पाहिली होती. त्यांना फिट आणि वारं यांतला फरक कळत होता. "चावी द्या," त्या म्हणाल्या.

"आता उघडलं तर आईचा कोप होईल," महाराजांनी ताट पाठीमागे नेलं.

कस्तुराबाईंनी महाराजांचं मनगट धरून ताट उलटं केलं. हळदीकुंकू त्यांच्या नव्या बुटांवर सांडलं. जमिनीवरून चावी उचलून त्यांनी दार उघडलं, तेव्हा आतून जी वाफ आली तिने त्यांचे डोळे चुरचुरले. त्यांनी पोरीला कुशीवर वळवलं, गळ्याची गुंडी सोडली आणि बलभीमला म्हणाल्या, "चल धाराशिवला. कुणाची वाट बघू नगंस." महाराज तिथेच राहिले.

बलभीमने गाडी सुरू केली आणि समोरचं एक बटण दाबलं. जाळ्यांतून गार हवा आली. तिला कुणी जप करून बोलावलं नव्हतं.

गाडी दरीतून वर चढली, रस्त्याला लागली, आणि बलभीमचा फोन वाजू लागला. तो सीटांच्या मधल्या खोबणीत पडला होता. पडद्यावर कुलदीपशेठ असं नाव होतं. बलभीमने एका हाताने तो घ्यायचा प्रयत्न केला, पण कस्तुराबाईंनी मागून हात घालून आधी उचलला. मुलाला सांगायचं होतं, पोरीला फिट आलीय, धाराशिवला ये. त्यांनी तोंड उघडण्याआधीच पलीकडून आवाज आला.

"बलभीम, आलं का रं वारं? तुझा मिस कॉल आला न्हाय, तरी म्या इथनं चारदा दाबलं. गाडीला रेंजच न्हाय म्हणून दाखवायलंय. महाराजाला सांगून गाडी जरा वर घे. आन् आईला काय कळू देऊ नगंस."

कस्तुराबाईंच्या मांडीवर आरोहीचं डोकं होतं. झटके थांबले होते, पण पोरगी शुद्धीवर नव्हती. कस्तुराबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, फोन चुकीचा लागला. मग काही वाटायचं उरलं नाही.

"आईच बोलतीय," त्या म्हणाल्या.

मग सांगायचं होतं तेवढं सांगितलं, अर्पितालाही कळव म्हणाल्या, आणि फोन ठेवला. बलभीम आरशात बघत नव्हता. त्याने गाडीचा वेग वाढवला.

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीला सुई दिली, सलाईन लावलं, आणि कस्तुराबाईंना विचारलं, "गोळ्या चुकल्या का?" कस्तुराबाईंनी उन्हाचं सांगितलं, बंद गाडीचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं नाही. खोटं बोलायची सवय लागायला सतरा दिवस पुरे होतात.

चार वाजता अर्पिता उमरग्याहून आली. गणवेश तसाच, चेहरा पांढराफटक. तिने पोरीचे डोळे पाहिले, नाडी पाहिली, आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तू हुतीस म्हणून बरं झालं."

तेवढ्यात आरोहीने डोळे उघडले. तिने आधी आईकडे पाहिलं, मग आजीकडे. आणि अगदी हळू आवाजात आजीला विचारलं, "आजी, आता आईला सांगितलं तर चालंल का?"

अर्पिताचा हात खांद्यावरून खाली आला. "काय सांगायचंय?"

कस्तुराबाईंनीच सांगितलं. सगळं. चूल, शपथ, सतरा दिवस. ऐकताना अर्पिता पोरीचं सलाईन बघत होती. शेवटी फक्त म्हणाली, "म्या रोज फोनवर इचारत हुते, आई. रोज." आणि पोरीच्या बाजूच्या खुर्चीवर आईकडे पाठ करून बसली.

डॉक्टरीणबाईंनी मात्र कस्तुराबाईंना बाजूला नेऊन नीट समजावलं. गोळी बंद केल्या केल्या फिट येतेच असं नाही. काही दिवस काहीच होत नाही, आणि तेवढ्यात माणसाला वाटतं की बरं झालं. मग एखादं निमित्त पुरतं. इथे उन्हाचं झालं. आणखी दहा मिनिटं ती आत राहिली असती, तर बोलायला काही उरलं नसतं.

कुलदीप संध्याकाळी आला तेव्हा कस्तुराबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. तो त्यांच्या पायाशी बसला.

"आई, म्या कुठं गोळ्या बंद करा म्हणलो? ते महाराज समद्यांनाच सांगायचे. मला वाटलं, तू काय ऐकणार न्हायस."

"माझ्या लेकाच्या गाडीत देवी बसलेली," कस्तुराबाई म्हणाल्या, "लेकानं माझी शपथ घेतलेली, अन् म्या ऐकणार न्हाय?"

तो रडू लागला. एरवी कस्तुराबाईंनी डोक्यावरून हात फिरवला असता. आज त्यांचा हात मांडीवरून उचलला गेला नाही. हे पोरगं आपण वाढवलं, त्याचं खोटं आपल्याला त्याच्या पावलांच्या आवाजावरून कळायचं, आणि आता ते तोंडावर खोटं बोललं तेव्हा आपल्याला कळलं नाही, याचं दुःख मोठं होतं.

"उद्या मंगळवार. लोक येतील," त्या उठताना म्हणाल्या. "ज्यानं वारं लावायचास, दुकानातला तो दुसरा फोन माझ्याकडं दे. कसा दाबायचा ते शिकव."

"आई, लोकांत इज्जत जाईल माझी."

"जाऊ दे. ती पोरीच्या जिवावर आली हुती."

मंगळवारी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. रामलिंगला नातीच्या अंगात वारं आलं, ही बातमी एका रात्रीत चहूकडे पोचली होती. महाराजही आले. बूट धुतलेले होते. त्यांनी ताट मांडायला घेतलं तसं कस्तुराबाई पुढे झाल्या. त्यांनी कुलदीपला स्वतःच्या बाजूला उभं केलं, आणि गर्दीतून शरिफाबीला हाक मारली.

"शरिफाबी, इकडं या. हे यंत्र धरा हातात. गाडीचं चित्र दिसायलंय? त्याच्याखाली पंखा हाय. त्यावर बोट ठेवा."

शरिफाबीने घाबरत घाबरत बोट ठेवलं. काही क्षणांनी कुलूपबंद गाडीच्या पोटातून घूं असा आवाज आला. कस्तुराबाईंनी चावीने दार उघडलं. गार हवा बाहेर आली.

शरिफाबी फोनकडे बघत राहिली. "मैं देवी हूँ क्या, बाई?"

पहिल्यांदा त्या जागेवर कुणीतरी हसलं. मग आणखी चौघे हसले.

महाराज पुढे सरसावले. "फोनमध्येही आईच आहे. आईची रूपं अनंत आहेत. त्या मुलीची श्रद्धा कमी पडली, म्हणून तिला त्रास झाला."

"नऊ वर्षांचं लेकरू भट्टीत बसलं अन् हललं न्हाय. यापरीस जास्त श्रद्धा कुणाची, तुमची?" कस्तुराबाई म्हणाल्या. "अन् आई फोनमधी हाय, तर रामलिंगला रेंज नव्हती तवा ती कुठं गेल्ती?"

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, शाळेत नव्या स्वयंपाकिणीला समजावून सांगायच्या तसं. गाडीच्या तळाशी मोठी बॅटरी असते. तिच्यावर चाकं फिरतात आणि तिच्यावरच एसी चालतो. इंजिन कशाला लागतं? तुमच्या घरातला फ्रिज चालवायला इंजिन लागतं का? गाडीत एक सिम असतं, आपल्या फोनमध्ये असतं तसं. फोनवरून निरोप गेला की एसी लागतो, मग फोन शेजारी असो की पन्नास कोसांवर. गाडीला रेंज नसली की निरोप पोचत नाही. ताटात ठेवलेला फोन दाखवायचा होता, दाबायचा फोन दुकानात होता. बलभीम इथून मिस कॉल द्यायचा, कुलदीप तिथून दाबायचा. आणि तीर्थ? गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसा आतल्या थंड नळीला फुटतो. ते पाणी गाडीतली धूळ घेऊन खाली ठिबकतं. तुम्ही धूळ प्यालात.

बलभीमने मान हलवून होकार दिला. कुलदीपनेही दिला, पण त्याला डोळे वर करता आले नाहीत. महाराज केव्हा निसटले ते कुणाला कळलं नाही. ताट मागे राहिलं. अर्पिताने आदल्याच दिवशी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली होती, त्यामुळे पोलिसांनी त्यांना उमरग्याच्या बसमधून उतरवलं. त्या तक्रारीत तिने भावाचंही नाव घातलं होतं. त्याबद्दल तिने आईला विचारलं नव्हतं, आणि कस्तुराबाईंनीही तिला मागे घे म्हटलं नाही.

गर्दी लगेच पांगली नाही. काही जण चिडले होते, काही खजील झाले होते. एकजण म्हणाला, "कस्तुराबाई, तुमच्याच घरानं फसवलं की वं आमाला."

"व्हय," त्या म्हणाल्या. "मलाबी माझ्या लेकानंच फसवलं. पण नातीला खोटं बोलायला म्या शिकवलं, मला सांगणारा कुणी का असंना, माझ्याच तोंडानं शिकवलं. म्हणून एक ध्येनात ठेवा. खरं औषध देणारा म्हणतो, घरच्यांना सांगा, डॉक्टरला सांगा, काय झालं तर धावत या. घरात कुणाला सांगू नका असं जो म्हणतो, तिथनं उठून चपला घाला. मग तो भगव्यात असो की तुमच्या पोटचा असो. अन् कळत न्हाय ते इचारा. म्या माझ्या लेकाला एकदा इचारलं, त्यानं हसण्यावारी नेलं, अन् म्या दुसऱ्यांदा इचारलं न्हाय. तिथं चुकलं."

शरिफाबीने फोन कस्तुराबाईंच्या हातात परत दिला. "आमच्या मियाँची साखरेची सुई म्या बंद केलीया," ती खालच्या आवाजात म्हणाली. "जखम काळी पडायलीय. आता काय करू?"

"आत्ता जा. उमरग्याला, सरळ दवाखान्यात. अन् किती दिवस बंद हुती ते डॉक्टरला खरं सांगा. म्या सांगितलं नव्हतं."

शरिफाबीने पदर सावरला आणि ती हायवेकडे चालू लागली. जाता जाता वळून तिने विचारलं, "तुमची नात बरी हाय न्हवं, बाई?"

"बरी हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "पण माझ्याकडं न्हाय. तिची आई आता तिला माझ्याकडं ठेवत न्हाय." मग त्या गर्दीकडे वळल्या. "म्हणून म्हणते, थांबू नका. घरी जा, अन् ज्याच्या गोळ्या त्याला द्या."